वॅक्स लावूनही अलॉय व्हील पुन्हा काळी पडतात? आधी कारण शोधा, मग डबा निवडा

तक्रार साधारण अशी असते. सुट्टीच्या दिवशी चाकं घासून चकचकीत केली, वॅक्स लावलं, पहिल्या धुण्यात पाणी छान ओघळून गेलं. पंधरवडा जात नाही तोच पुढची दोन्ही चाकं तपकिरी-काळी, आणि या वेळी कापडानं पुसूनही डाग हलत नाहीत. मग दुसऱ्या कंपनीचा डबा येतो, मग त्याहून महागाचा तिसरा. फडताळात डब्यांची रांग लागते आणि चाकं होती तशीच राहतात.

बहुतेक वेळा दोष डब्याचा नसतो. चाकाला काय लावायचं हे तीन गोष्टींवर ठरतं: चाकावर नेमकं काय बसतंय, चाकाचं फिनिश कोणतं आहे, आणि गाडी रोज कोण आणि कशानं धुतं. डब्यावर छापलेले 'सहा महिने', 'एक वर्ष' हे आकडे बहुधा बॉनेट-छताच्या रंगाचे असतात. बॉनेटवर लोखंडाचे गरम कण उडत नाहीत.

काळं कुठे आहे ते आधी नीट बघा

पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी आणि मागची बरीच स्वच्छ असतील तर ते नैसर्गिक आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या ब्रेकवर पडतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रममधली झीज बरीचशी ड्रमच्या आतच साठते, डिस्कची झीज मात्र सरळ चाकाच्या आतल्या बाजूवर आणि आऱ्यांवर उडते. मागेही डिस्क असलेल्या गाडीत मागची चाकं काळी होतात, पण पुढच्यापेक्षा कमी.

एकच चाक काळं होत असेल तर वॅक्सचा विषय तिथेच थांबवा. डावं-उजवं यात ठळक फरक दिसला की त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) अडकतोय का हे तपासून घ्यायला हवं. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना गंजल्या किंवा त्यांचं ग्रीस सुकलं की पॅड डिस्कवरून पूर्ण सुटत नाही आणि गाडी चालत असताना घासत राहतो. गाडी एका बाजूला ओढणं, मायलेज घटणं, थोडं चालवून आल्यावर ते एकच चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागणं ही त्याची लक्षणं. हात लावून बघायचं तर आऱ्याजवळ नुसता नेऊन धग जाणवते का बघा, डिस्कला स्पर्श करू नका. हे काम मेकॅनिकचं आहे आणि लवकर करून घेण्यासारखं आहे. कित्येक जण असं चाक दर रविवारी घासत बसतात आणि पॅड संपून डिस्क कापली जाते तेव्हा गॅरेज गाठतात.

डाग तेलकट असेल, बोटाला चिकटत असेल आणि चाकाच्या आतल्या बाजूनं फवारल्यासारखा पसरलेला असेल तर तो ब्रेकचा नाही. ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, रबरी बूट फाटून ग्रीस उडत असण्याची शक्यता मोठी. आणि ओला, पातळ ओघळ दिसला व ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असेल तर गाडी न चालवता आधी दाखवा. ब्रेक ऑइल चाकाचा रंगही खातं, पण त्या वेळी रंगाची काळजी दुय्यम असते.

उरला तो नेहमीचा, कोरडा, तपकिरी-काळा थर. तो येतो कुठून? डिस्क असते बिडाची. पॅडमध्ये लोखंडी तंतू, ग्राफाइट, रेझिन असं मिश्रण असतं. दोन्ही घासले की अतिशय बारीक, गरम कण उडतात. त्यातला लोखंडाचा कण चाकाच्या वरच्या पारदर्शक लॅकरला चिकटतो, थोडा रुततो आणि हवेतल्या ओलाव्यानं तिथेच गंजतो. तो तपकिरी ठिपका म्हणजे गंज आहे. शाम्पूनं धूळ जाते, रुतलेला गंज जात नाही. अशा चाकावर तुम्ही वॅक्स लावता तेव्हा ते लॅकरवर बसतच नाही, त्या ठिपक्यांच्या खरखरीत थरावर बसतं आणि पुढच्या धुण्यात त्याच्यासकट निघून जातं. 'वॅक्स टिकत नाही' या तक्रारीचं माझ्या मते हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

जाता जाता: इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हा त्रास बराच कमी असतो, कारण वेग कमी करण्याचं पुष्कळसं काम मोटर करते आणि पॅडला उसंत मिळते. ब्रेकची ही धूळ आता फक्त चाकाच्या सौंदर्याचा विषय राहिलेली नाही. युरोपनं युरो ७ नियमांमध्ये धुराबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा आणली आहे.

लेप गेलाय की फक्त झाकला गेलाय?

चाकावर पाण्याचे थेंब धरत नाहीत म्हणजे लेप संपला, असं लगेच ठरवू नका. चाक थंड असताना नुसत्या साध्या शाम्पूनं धुवा. 'वॉश अँड वॅक्स' प्रकारचा शाम्पू नको, तो स्वतःचाच थर सोडतो आणि चाचणी फसते. मग मगानं हळू पाणी ओता. पाणी सपाट पसरून तसंच राहिलं तर पुढची पायरी: त्या एकाच चाकावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेले लोखंडी कण काढणारं द्रव, मारा, सांगितलेला वेळ थांबा, धुवा आणि पुन्हा पाणी ओता. आता थेंब परत आले तर लेप शाबूत होता, वर लोखंडाची धूळ बसली होती. तुम्हाला नवीन सीलंटची (मेणाऐवजी लावायच्या संरक्षक लेपाची) गरज नाही, महिना-दोन महिन्यांतून एकदा आयर्न रिमूव्हरची गरज आहे.

तरीही पाणी सपाटच राहिलं तर लेप गेला. आणि काही आऱ्यांवर थेंब आणि काहींवर सपाट असं चित्र दिसलं तर लावतानाच काही जागा सुटल्या होत्या. आऱ्यांच्या कडा, नटांचे खोलगट भाग, व्हॉल्व्हच्या आसपासची जागा हमखास सुटते.

वॅक्स चाकावर का हरतं

चांगल्या नैसर्गिक वॅक्सचा आधार म्हणजे कार्नोबा, ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत टणक समजलं जातं, आणि तरीही ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. डब्यातलं वॅक्स शुद्ध कार्नोबा नसतंच. त्यात मऊ मेणं, तेलं आणि द्रावकं असतात, म्हणून ते त्याआधीच मऊ पडतं. आता बोरघाट किंवा कशेडी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलेल्या गाडीची डिस्क दोन-तीनशे अंशांवर सहज जाते. चाकाचा दर्शनी भाग त्यापेक्षा बराच कमी तापतो हे खरं, पण आतली बाजू आणि आऱ्यांची मुळं वॅक्सला नरम करण्याइतकी तापतात. नरम झालेल्या मेणावर ब्रेकची धूळ आणखी घट्ट बसते. म्हणजे संरक्षणासाठी लावलेला थर धूळ पकडायला मदत करू लागतो. विदर्भात मे महिन्यात घाट नसतानाही रस्त्याची धग पुरेशी असते.

यावर पहिला उपाय बाटलीतला नाही. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी धरून ठेवतं, पॅड कमी झिजतात, ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो आणि चाकंही कमी काळी होतात.

वॅक्सला दुसरा शत्रू म्हणजे धुण्याचं साहित्य. सोसायटीत रोज पहाटे गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्यानं दहा गाड्या करतात, आणि चाकांचा काळा निघावा म्हणून पाण्यात कपडे धुण्याची पावडर टाकतात. ती पावडर अल्कधर्मी असते, मेण-तेल काढण्यासाठीच बनवलेली. तिच्यापुढे वॅक्स दोन-चार धुण्यांपलीकडे टिकत नाही. त्यात चाकावरचे लोखंडी कण त्याच फडक्यावर येतात आणि मग बॉनेटवर बारीक चरे उठतात. दादांना एवढंच सांगा: "चाकं सोडून द्या, ती मी बघतो." त्यांचंही काम कमी होतं, कोणी नाही म्हणत नाही.

वॉशिंग सेंटरचं प्रकरण याहून गंभीर आहे. काही ठिकाणी चाकांसाठी वेगळी, बिनलेबलची बाटली असते. फवारली की फेस येतो आणि दोन मिनिटांत चाक चमकतं. ते बहुधा तीव्र आम्ल असतं. ॲल्युमिनियमची अडचण अशी, की त्याला तीव्र आम्लही खातं आणि तीव्र अल्कलीही. लॅकर धड असेल तोवर ते वाचतं, पण फूटपाथला घासलेल्या कडेवर किंवा खडी लागून उडालेल्या टवक्यावर ते द्रव पोचलं की आतला धातू पांढुरका पडू लागतो. कोणताही सीलंट अशा धुलाईला पुरून उरत नाही. चाकांसाठी कोणतं क्लीनर वापरता हे विचारा आणि उत्तर गुळमुळीत आलं तर "चाकं फक्त पाण्यानं आणि शाम्पूनं" असं बजावा.

फिनिश न ओळखता काही लावू नका

आपल्याकडची बहुसंख्य कंपनी फिटिंग अलॉय ही रंग आणि त्यावर लॅकर अशी असतात: चंदेरी, राखाडी, काळी. यांच्या बाबतीत गाडीच्या रंगाला चालतं ते सगळं चालतं. काळजी नको.

डायमंड कट चाकांना मात्र लाडानं वागवावं लागतं. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कापून चमकवलेला असतो, नीट पाहिलं तर बारीक गोलाकार रेषा दिसतात, आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर असतं. खाली रंगाचं अस्तर नाही. कुठे एक टवका उडाला की ओल आणि मीठ लॅकरखाली शिरतात आणि ॲल्युमिनियम गंजत पांढऱ्या, नागमोडी रेषा सरकत जातात. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा समुद्राच्या पट्ट्यात हे लवकर होतं. एकदा ती पांढरी रेषा दिसली की वॅक्स, सीलंट, कोटिंग कशाचाही उपयोग नाही, कारण बिघाड लॅकरच्या खाली आहे आणि तुम्ही लावणार लॅकरच्या वर. चाक पुन्हा लेथवर चढवून लॅकर मारून घेणं हा मार्ग. त्यात दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून ते कितीही वेळा करता येत नाही. तेव्हा या चाकांचं संरक्षण नवी असतानाच करा आणि टवका दिसला की त्यावर लॅकरचा ठिपका देऊन बंद करा, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

मॅट किंवा सॅटिन काळ्या चाकांवर चमक देणारं वॅक्स, पॉलिश, कंपाउंड यातलं काहीही नको. एक जागा चमकली की ती पुन्हा मॅट करता येत नाही. मॅटसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच सीलंट किंवा कोटिंग घ्या.

उघड्या ॲल्युमिनियमची, लॅकर नसलेली पॉलिश चाकं जुन्या किंवा हौसेनं बदललेल्या गाड्यांवर दिसतात. ओळख सोपी: मेटल पॉलिश लावून कोपरा घासला तर फडकं काळं होतं. लॅकर असेल तर काळं होत नाही. अशा चाकांना आयर्न रिमूव्हरही जपून, आधी लपलेल्या जागी लावून बघून. क्रोमचं तसंच. साध्या लोखंडी चाकावर प्लॅस्टिकचं व्हील कव्हर असेल तर कव्हरला सीलंट चालतं. आतलं लोखंड गंजत असेल तर घासून गंजरोधक रंग मारणं हाच उपाय.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे: रोजच्या वापरातल्या गाडीच्या चाकांना मेणाचं वॅक्स घेऊ नका. बॉनेटवर ते सुंदर दिसतं, तिथे खुशाल लावा. चाकाचे पैसे सिंथेटिक सीलंटवर घाला.

सिंथेटिक सीलंट म्हणजे पॉलिमरचा थर. मेणापेक्षा उष्णता आणि डिटर्जंट दोन्ही जास्त सोसतो, लावायला सोपा असतो आणि लावताना चूक झालीच तर पुसून पुन्हा लावता येतो. 'व्हील सीलंट' किंवा 'व्हील वॅक्स' नावानं मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत प्रत्यक्षात हेच असतं, म्हणून समोरचं नाव सोडून मागचं वाचा. मागे 'कार्नोबा' ठळक आणि 'पॉलिमर' किंवा 'सिंथेटिक' कुठेच नाही, तर तो डबा चाकांसाठी परत ठेवा. शहरात चालणाऱ्या गाडीला दोन-तीन महिन्यांनी नवा हात द्यायची तयारी असेल तर यापुढे जायची गरज नाही.

सिरॅमिक कोटिंग हा वरचा पर्याय. सिलिकाच्या रसायनावर आधारलेला हा थर वाळून कडक होतो, रंगाला घट्ट धरतो आणि उष्णता, डिटर्जंट यांना सर्वांत चांगला तोंड देतो. घाटातून रोजची ये-जा, समुद्रकाठचं घर किंवा नवी कोरी डायमंड कट चाकं, या तिन्हींपैकी काही असेल तर मी कोटिंगच सांगेन. पण त्यासाठी चाकं काढायला लागतात, पूर्वतयारी काटेकोर लागते आणि पुसायचं राहून गेलेलं कोटिंग वाळलं की पॉलिश करूनच काढावं लागतं. बाटलीवरच्या 'नाइन एच' कडे बघून हुरळू नका. ती पेन्सिलनं ओरखडा काढून मोजायची पट्टी आहे आणि नाइन एच ही तिची शेवटची पायरी. हिऱ्याच्या कठीणपणाच्या मोजणीशी तिचा संबंध नाही. फूटपाथ लागला की कोटिंगसकट चाक खरवडणारच. 'ग्राफीन' लिहिलेल्या बाटल्यांचंही तेच: असतात चांगल्या, पण नावासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

तिसरा प्रकार स्प्रेचा, ओल्या चाकावर मारून धुऊन टाकायचा. पावसाळ्यात देखभालीला तो सोयीचा आहे, एरवी एकट्यावर भिस्त नको. आणि त्यात एक मोठा धोका आहे, ज्यावर खाली येतो.

लावण्याआधी: अर्धं यश इथे आहे

चाक थंड हवं. गाडी चालवून आल्यावर लगेच पाणी मारलं तर पाणी सुकून क्षारांचे डाग पडतात, क्लीनर वाळून ओघळ उमटतात आणि तापलेल्या डिस्कवर एकदम थंड पाणी हेही बरं नाही. सकाळी, सावलीत सुरू करा.

साधं धुणं झालं की आयर्न रिमूव्हर. यात थायोग्लायकोलेट वर्गातलं रसायन असतं, ते लोखंडाच्या कणांशी जोडलं गेलं की जांभळा रंग सुटतो. वास घाणेरडा येतो, कुजक्या अंड्यासारखा, म्हणून मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून. डिस्कवरूनही जांभळा ओघळ येईल, ती लोखंडाचीच आहे, घाबरू नका. वाळू मात्र देऊ नका. दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये, विशेषतः आम्लात, मिसळू नका. पहिल्या वेळेला दोन फेऱ्या लागतात. दुसऱ्या फेरीला जांभळं फारसं दिसलं नाही तर झालं.

डांबराचे ठिपके यानं जात नाहीत. त्यासाठी टार रिमूव्हर. रॉकेल किंवा डिझेलनं डांबर निघतं खरं, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो आणि टायरच्या रबरालाही ते चांगलं नाही. ते वापरलंच असेल तर पुन्हा शाम्पूनं धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आतल्या बाजूला चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांवर कोणतंही द्रावक मारू नका, चिकटपट्टी सुटली तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागेल.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानं पडलेले पांढरे डाग म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. लॅकर असलेल्या चाकावर पाणी घालून सौम्य केलेलं पांढरं व्हिनेगर थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. उघड्या धातूवर हे करू नका. ते डाग तसेच ठेवून वर सीलंट लावलं तर ते सीलंटखाली कोंडले जातात आणि मग 'सीलंटनं पांढरे डाग पडले' अशी नवी तक्रार सुरू होते.

शेवटी हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून चाकावरून फिरवा. नुसत्या बोटाला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. खरखर असेल तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी, भरपूर वंगणासह. मॅट चाकावर तो टाळा. मग पूर्ण कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून एकदा पुसा. जुनं वॅक्स, तेल, टायर पॉलिशचा उडालेला सिलिकॉन हे सगळं यात जायला हवं, कारण सीलंट आणि कोटिंग मेणावर किंवा तेलावर धरत नाहीत. वॅक्सवर सीलंट हा क्रम चुकीचा. सीलंटवर वॅक्स हवं तर चालतं, फक्त चाकावर त्याचा उपयोग नाही.

लावताना

चाक गाडीवरच ठेवून लावायचं तर डबा किंवा पेस्ट स्वरूपातलं सीलंट घ्या, स्पंजवर घेऊन हातानं लावा. स्प्रे घेतलाच तर तो चाकावर न मारता कापडावर मारा. कारण हेच: आऱ्यांच्या फटीतून फवारा डिस्कवर जातो. डिस्कवर सीलंट, वॅक्स किंवा टायर पॉलिश बसलं की ब्रेक लागायला उशीर होतो, आणि पॅडनं ते शोषलं तर पॅड बदलावे लागू शकतात. डिस्कवर काही गेलंच असेल तर ब्रेक क्लीनरनं पुसून, मोकळ्या जागेत अगदी कमी वेगानं ब्रेक तपासून मगच रस्त्यावर या. टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर पॉलिश कधीच नाही.

चाक काढून लावलं तर काम खरं होतं, कारण सगळ्यात जास्त धूळ आतल्या बाजूला बसते आणि तिथे एरवी हात पोचत नाही. टायर अदलाबदल करायची वेळ येते तेव्हाच हे उरका. सपाट, कठीण जमीन, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड किंवा ओंडका, आणि गाडी फक्त जॅकवर असताना खाली हात घालायचा नाही; स्टँड लावा. नट बसवताना समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा आणि गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) घट्ट करा. नट किंवा बोल्टच्या आट्यांवर आणि चाक जिथे हबला टेकतं त्या सपाट जागेवर सीलंट लावायचं नाही. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर नट एकदा तपासून घ्या.

थर पातळ. जाड लावला की जास्त टिकतो हा समज चुकीचा आहे. जास्तीचं सगळं पुसण्यातच जातं, आणि खोबणीत राहिलेलं पांढरं सुकून बसतं. सीलंट डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं धरू द्या, मग मऊ मायक्रोफायबरनं पुसा. दुसरा हात द्यायचा तर काही तासांनी द्या, सुटलेल्या जागा त्यात भरून निघतात.

कोटिंगला एका वेळी एकच आरा घ्या. थेंब-दोन थेंब, आडवं-उभं पसरवायचं आणि पृष्ठभागावर तेलासारखी रंगीत झाक आली की लगेच पुसायचं. आपल्याकडे इथेच गडबड होते: बरीचशी कोटिंगं हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतात, त्यामुळे मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बाटलीवर लिहिलेल्या वेळेआधीच ती धरतात. नागपूरच्या कोरड्या उन्हात द्रावक भराभर उडून तेच होतं. वेळ लेबलवरून पाळू नका, झाक बघून पुसा. नंतर निदान बारा ते चोवीस तास पाणी नको आणि पुढचा आठवडाभर शाम्पू नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. कोकणात राहणाऱ्यांनी जांभ्याच्या लाल चिखलाचा हंगाम लागायच्या आत, मे महिन्यात पहाटे उरकावं.

एवढं करूनही काळी होत असतील तर

काळी होणारच, हे आधी मान्य करा. कोणताही लेप ब्रेकची धूळ थांबवत नाही. तो फक्त एवढं करतो की ती धूळ रुतत नाही आणि शाम्पूच्या पाण्यानं, न घासता निघते. आठवड्यानं धुतल्यावर चाक सहज स्वच्छ होत असेल तर तुमचा लेप काम करतोय. पंधरा दिवस न धुता ठेवून 'टिकला नाही' म्हणणं बरोबर नाही.

धूळच जास्त वाटत असेल तर पॅडकडे बघा. लोखंडाचं प्रमाण जास्त असलेले पॅड जास्त काळं उडवतात. सिरॅमिक प्रकारचे पॅड कमी आणि फिक्या रंगाची धूळ सोडतात. तुमच्या गाडीसाठी खात्रीचे मिळत असतील तर पुढच्या वेळी विचार करा. पण केवळ चाकं स्वच्छ राहावीत म्हणून अनोळखी बनावटीचे स्वस्त पॅड बसवू नका. तिथे तडजोड थांबण्याच्या अंतराशी होते.

आणि पॅड किंवा डिस्क नुकतीच बदलली असेल तर निकाल द्यायची घाई नको. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसेपर्यंत सुरुवातीचे काही शे किलोमीटर धूळ नेहमीपेक्षा जास्त उडते. तो काळ नुसतं धुऊन काढा, त्यानंतर एकदा आयर्न रिमूव्हर फिरवा आणि सीलंट तेव्हा लावा.